भिंतीपुरतं बघणारा माणूस

नारायणगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली. अक्षरं तीच, फुलं तेवढी बदलायची. दुकानात मागच्या बाजूला एक टेबल रिकामं पडलं होतं. ते मी धम्मपालदादाला दिलं, कारण त्याला रोज फोटो छापायला लागायचे आणि मला रोज चहाला सोबत लागायची.

धम्मपाल रोकडे मूळचा खोडदचा. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. कुणी घरावर कर्ज काढलं की बँक पुण्यातल्या एका कंपनीला कळवते, कंपनी धम्मपालदादाला कळवते आणि धम्मपालदादा मोटारसायकलला किक मारतो. जाऊन घर मोजायचं, प्रत्येक खोलीचा फोटो काढायचा आणि घराची किंमत काय होते ते सांगायचं. घाटघरपासून मंचर-घोडेगावपर्यंत सगळा मुलूख त्याचा. भिंतीवर लाल ठिपका मारून अंतर सांगणारं यंत्र त्याच्याकडे होतं, तरी तो टेपही बाळगायचा. म्हणायचा, टेप लावल्याशिवाय माणसाला आपलं घर मोजल्यासारखं वाटत नाही. घाटघरला तर टेप बघून लोकांना वाटलं, सरकारी मोजणी आली. अख्खी वाडी बांधाची भांडणं घेऊन त्याच्यामागे फिरली. दोन भावांचं भांडण त्याने मिटवलं म्हणे, निव्वळ टेप गुंडाळून घेऊन.

पाहुणा ओटीपर्यंत येतो, सोयरा माजघरापर्यंत, डॉक्टर खाटेपर्यंत. धम्मपालदादा मात्र मोरी, माळा, देवघर सगळीकडे. ज्या घरांत त्याच्या आजोबाला अंगणाच्या पुढे पाय टाकता आला नसता, त्या घरांच्या देवघराची लांबी-रुंदी हा घेऊन यायचा, तीही घरच्यांनी "या साहेब, या" म्हणत दाखवलेली. मग चहा यायचा. घरच्यांना स्टीलच्या कपात, साहेबांना कागदी कपात. "हायजिन असतंय साहेब," असं सांगायचे. कागदी कप ज्याने शोधला त्याचा तालुक्यात पुतळा उभारायला हवा, असं दादा म्हणायचा. कुणाला काही विचारायला लागत नाही, कुणाला काही विसळायला लागत नाही.

असा सगळीकडे जाणारा माणूस काय काय बघतो. मंचरकडे एका घरात न्हाणीत हातभट्टीसाठी गूळ आणि नवसागर भिजत घातलेला. एका बंगल्यात मीटरच्या अलीकडूनच वायर घेतलेली, आणि त्या बंगल्याच्या मालकाने गेल्या वर्षी वीजबचतीचा फ्लेक्स माझ्याकडूनच छापून घेतलेला. घोडेगावात एका सज्जन माणसाच्या घरात दोन स्वयंपाकघरं, दोन देवघरं आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बायका. हे मला कळलं ते दादाचे फोटो छापताना. दादा स्वतःहून कधी बोलला नाही. मी विचारायचो, "काय बघितलं आज?" तो म्हणायचा, "भिंती."

"आणि उद्या कुठं खून झालेला दिसला तर?"

"फरशीवर डाग असला तर किंमत कमी धरायची."

मी हसायचो, तोही हसायचा. पण एकदा चहा बाजूला ठेवून म्हणाला, "हे बघ, मला लोक आत का घेतात? मी बोलत नाय म्हणून. न्हावी, डॉक्टर आणि मी. आणि मी बोललो तर धम्मपाल बोलला असं होत नाय. वस्ती बोलली असं होतं."

मी स्क्रीनवर एका उपसरपंचाच्या चेहऱ्यावरचे डाग पुसत बसलो. ते माझं काम.

तर गोरखचं घर.

गोरख हा दादाच्या वर्गातला. खोडदच्या अलीकडे त्यांचा मळा आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य ताटल्या त्याच्या गच्चीवरून दिसतात, आणि घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. शाळेत तो दादाला 'धम्या' म्हणायचा. वरच्या मजल्याला आणि मागे दोन खोल्या वाढवायला कर्ज काढायचं ठरल्यावर 'साहेब' म्हणायला लागला. पहिल्यांदा दादा गेला तेव्हा अंगणात रांगोळी होती. गोरखची बायको लंकाबाई पदर सारखा करत उभी होती. कागदी कप तयार होता.

पुढच्या खोल्या मोजून झाल्या. मागच्या एका दाराला बाहेरून कडी होती.

"तिथं काय नाय साहेब, कांदं हायेत," गोरख म्हणाला.

"कांद्यांचा पण फोटो लागतो," दादा म्हणाला आणि कडी काढली.

कांदे होतेच. कांद्यांच्या पलीकडे खाट होती, खाटेवर गोरखची चुलती, ठमाबाई. विधवा, मूलबाळ नाही, ऐंशीच्या पुढे. अंगावर स्वच्छ लुगडं, डोक्याला तेल लावून वेणी घातलेली. आणि पायाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं. पट्टी काचू नये म्हणून पायाभोवती खाली फडकं होतं. बांधणाऱ्याने माया करून बांधलं होतं. हे दादाने मला पुढे तीनदा सांगितलं.

म्हातारीने मान वर केली. "शकूचा ना रं तू?"

दादाची आई शकुबाई. एकेकाळी याच मळ्यात खुरपायला असायची. ठमाबाईला जेवल्याची आठवण राहत नव्हती, नवरा मेल्याची राहत नव्हती, पण दादाचं नाक तिने ओळखलं.

"हो," दादा म्हणाला.

"मंग तेवढी गाठ सोड बाबा. गुरं सोडायची येळ झाली."

गाठ दाव्याची होती, एक हिसका दिला की सुटणारी. पण गजाकडची, तिचा हात पोचणार नाही अशी. दादाने गाठीवर हात ठेवला, एवढ्यात गोरख दारात आला.

"साहेब, नका. गुरं इकून लई वर्सं झाली. अंगण वलांडलं की ऊस हाय. मागल्या दिवाळीत शेजारच्या मळ्यातली म्हातारी नेली वाघानं, सकाळच्या पारी, मोरीपाशी. आमची तर दिवस मावळला की उसातच शिरती. दोनदा धरून आणली. तुमी सांगा, मी काय करू?"

बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. भीतीला पोटजात नसते.

लंकाबाई मागून म्हणाली, "आन कोण बगणार तिच्याकडं? धुणं मी, खाणं मी, हागणं-मुतणं मी. कुणाला दया येत आसंल तर त्यानी आठ दिस ऱ्हावं."

इथे दादाने चूक केली. डॉक्टराने औषध सांगितलं असतं, वकिलाने नोटीस सांगितली असती. दादा बांधकामवाला. त्याने खोली सांगितली. म्हणाला, "गोरख, नाय तरी बांधतोच आहेस ना? एक खोली म्हातारीची कर. खिडकी मोठी, संडास आतच. दाराला ग्रिल, म्हणजे वारा-उजेड येईल आणि ती बाहेरही जाणार नाय. माणसाला बांधणं बरं नाय रे. गुन्हा आहे तो."

गोरखचा चेहरा उजळला. "हे आमच्या ध्यानातच आलं न्हाई बघा."

दादाने कांद्यांचा फोटो काढला. खाटेचा एक पाय आला त्यात. माणूस येऊ द्यायचा नाही, हा नियम. मळ्यातून निघताना त्याला हलकं वाटत होतं म्हणे. बोलल्यासारखंही झालं, आणि कुणाला कळलंही नाही.

माझ्या दुकानासमोर अमृतचं वेल्डिंगचं शेड आहे. वनखात्याच्या ठेकेदाराला बिबट्याचे पिंजरे तोच करून देतो. हल्ली त्याला मरायला फुरसत नाही. पावसाळा सरल्यावर एक दिवस त्याच्या शेडपाशी दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या दिसल्या, एक पिंजरा आणि एक दार. गज सारखेच.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"खोडदच्या मळ्यातलं, गोरखशेठचं. म्हातारीसाठी." अमृतने चष्मा कपाळावर ढकलला. "वाघाचं दार वरनं खाली पडतं, हे बाजूला सरकतं. येवढाच फरक. वाघाला आत शेळी ठेवत्यात, हिला काय ठेवत्यात बगू."

मी हसलो. अमृत बोलतोच तसा.

घरकर्जाचा पैसा बँक एकदम देत नाही. जसं बांधकाम होईल तसा हप्ता, आणि प्रत्येक हप्त्याआधी दादाने जाऊन बघायचं. स्लॅब टाकून झाल्यावर तो पुन्हा मळ्यात गेला. गोरखने त्याला थेट मागे नेलं. नवी खोली, तीन बाजूंनी भिंत. मोठी खिडकी सांगितली होती, ती वीतभर झाली होती, कारण मोठ्या खिडकीतून वाघ शिरतो. आत संडासचं भांडं नव्हतं, कारण पाइपलाइन लांब पडत होती. बादली होती. ग्रिलचं दार मात्र सांगितल्याबरहुकूम. कडी बाहेरून, कडीला कुलूप.

"दोरी सोडली बघा साहेब," गोरख मनापासून म्हणाला. "तुमचा शब्द पाळला."

ठमाबाई गज धरून उभी होती. दादाला बघून म्हणाली, "शकूचा ना रं तू?" आणि पुढचं विसरली. बांधलेली होती तोवर तिला गाठ तरी दिसत होती, सोडायला सांगता तरी येत होती. आता काय सोडायला सांगायचं ते तिला कळेना.

त्या दिवशी दुकानात येऊन दादाने फोटो छापले नाहीत. "चल, घरी जेवायला," म्हणाला. त्याच्या घरी शकुबाई रोज विचारायची, "कुणाच्या घरात काय व्हतं?" आणि तो रोज "भिंती" म्हणायचा. तो त्यांचा रोजचा खेळ. त्या दुपारी तिने विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं. भाकरी तव्यावर करपली.

"खोली तू सांगितलीस?" शकुबाई म्हणाली.

"मोठी खिडकी सांगितली होती, आई."

"खिडकी सोड. कोंडायचं तू सांगितलंस."

तिने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

"ठमाबाय वंजळीत वरनं पाणी वतायची आमाला," ती म्हणाली. "तांब्या टेकू द्यायची नाय. पण वतायची भरपूर. बाकीच्या घोटभर वतून आत जायच्या. ही पुरं म्हनंस्तवर हुबी ऱ्हायची. तहान लागल्याली माहीत व्हती तिला." मग म्हणाली, "सांग कुणाला तरी."

"नाव माझंच येईल. आत मीच गेलेलो."

"मंग येऊ दे."

म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारचा एक फोन नंबर आहे, त्यावर दादाने फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. नाव गुप्त राहील म्हणाली. तक्रार तिने पुढे पाठवली, पुढच्याने ठाण्याला, ठाण्याने पोलीस पाटलाला, की उद्या येतोय, म्हातारी घरात आहे ना बघून ठेवा. पोलीस पाटील हौशीराम. गोरखच्या सख्ख्या भाऊकीतला. त्याने फोन ठेवला तो गोरखला लावण्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी ठमाबाई अंगणात खुर्चीवर बसली होती. नवं लुगडं, कपाळाला बुक्का. खोली सामानाची वाटावी म्हणून ग्रिलच्या आड नवी कोरी सायकल उभी केलेली. हवालदार आला, त्याला चहा मिळाला, कपबशीत.

"आजी, काही त्रास आहे का? कुणी बांधतं, कोंडतं?"

म्हातारीचं सगळं गेलं होतं, पण पाहुण्याशी बोलायची रीत गेली नव्हती. घरातलं दारात काढायचं नाही, आणि दारात आलेल्याला उपाशी धाडायचं नाही. ती हसली. "लई गुणाची हायेत माजी पोरं. पावणं, तुमी जेवून जावा. लंके, पिठलं टाक."

हवालदाराने पुरावा म्हणून तिचा फोटो काढला. छान आला. जाताना हौशीराम त्याला म्हणाला, "कुणाच्या घरात कशाला नाक खुपसावं लोकांनी." हवालदार म्हणाला, "फोन आला की आम्हाला यावं लागतं राव." दोघांचंही खरंच होतं.

नाव गुप्त राहिलं, पण गोरखला नाव कशाला हवं होतं? बांधलेली आणि कोंडलेली म्हातारी बघितलेला बाहेरचा माणूस एकच होता. गोरख माझ्या दुकानात आला तेव्हा मी बॅनर गुंडाळत होतो. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"आपन वर्गातलं," तो दादाला म्हणाला. "मी तुला इचारलं व्हतं, काय करू म्हणून. तूच खोली सांगितली आन तूच पोलीस धाडलं. मला तेव्हाच म्हनायचं व्हतं ना, गोरख, हे मला पटत न्हाई. मी दुसरं कायतरी केलं आसतं."

"काय केलं असतंस?" दादाने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

गोरखने विचार केला. खरोखर केला. मग म्हणाला, "ते मला बी ठावं न्हाई." आणि दारातून वळून, "तुमच्या लोकांला घरात घेतलं, ही चूक," एवढं बोलून गेला. धम्या, साहेब, आपन वर्गातलं आणि तुमचे लोक. एका घरकर्जात माणूस एवढी वळणं घेऊ शकतो.

आठवडाभरात कंपनीतून फोन आला. ग्राहकाच्या घरातली खासगी गोष्ट बाहेर गेली, बँकेकडे तक्रार आहे, तूर्त काम थांबवा. दादाने विचारलं, "दिसलं ते सांगायचं नाही का?" पलीकडचा साहेब पुण्याचा, सभ्य. म्हणाला, "सांगायचं ना. पण आपल्याला जे विचारलंय तेवढंच. आपल्याला किंमत विचारलीय." तूर्तचं कायमचं झालं. मग दादा माझ्या टेबलाशीच बसायला लागला. फ्लेक्सच्या लाकडी फ्रेमची मापं घ्यायचा, टेप लावून. त्याचे मी पैसे दिले की घ्यायचा, न दिले की विचारायचा नाही.

मळ्यातली खबर अमृतकडून यायची. संक्रांतीच्या आसपास तो चहाला आला आणि नेहमीसारखा हसत नव्हता.

"गोरखशेठकडं जाऊन आलो," म्हणाला. "त्या दाराला खालनं फट कापून दिली. ताट सरकंल येवढी."

"दार उघडून का देत नाहीत?" मी विचारलं.

"लंकावैनी आत जात न्हाई आता. म्हनती, धुतलं-पुसलं तरी उद्या माजंच नाव पोलिसात देतील. हात लावनार न्हाई म्हनली, काय व्हईल ते व्हऊ दे. वेणीबिणी बंद झाली म्हातारीची. वास येतो." तो कपात बघत होता. "वाघाच्या पिंजऱ्याला पन फट आसती. पानी ठेवायला."

या वेळी मी हसलो नाही. दादा फ्रेम मोजत होता. मोजलेलीच परत मोजायला लागला. त्या आठवड्यात त्याने त्या नंबरवर पुन्हा फोन लावला. गोड मुलीने सांगितलं, तुमची तक्रार निकाली निघालेली दिसतेय सर, वृद्ध व्यक्ती समाधानी आहे. शकुबाई एकदा स्वतः मळ्यात गेली, रिक्षा करून. तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, कागदी कपात. ठमाबाई झोपलीय म्हणाले. ती तासभर बसली आणि परत आली.

उन्हाळ्याच्या तोंडाला गोरखच्या चुलतभावाचा मला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवाय, मोठा, चौकात लावायला, दशक्रियेचं प्रवचन खाली टाका. सोबत फोटो. खुर्चीवर बसलेली, नवं लुगडं, कपाळाला बुक्का, हसणारी ठमाबाई. त्यांच्याकडे तिचा दुसरा फोटोच नव्हता. हवालदाराने पुरावा म्हणून काढलेला तोच त्यांनी मागून घेतला होता. एका कडेला खाकी बाही आली होती. ती मी कापली आणि तिथे मोगरा टाकला.

दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला. स्क्रीनकडे बघत होता. 'प्रेमळ, मायाळू, कष्टाळू' हे शब्द मी टाकले तेव्हा म्हणाला, "पाणी भरपूर ओतायची, हे टाकता येईल का?" जागा नव्हती. खाली शोकाकुलांची नावं यायची होती.

कर्जाचा शेवटचा हप्ता राहिला होता. बांधकाम पूर्ण झालं का हे बघायला कंपनीने नवा माणूस नेमला होता, राजरत्न नावाचा, घोडेगावचा, चटपटीत पोरगा. फोटो छापायला तोही माझ्याकडेच आला. दादाला नावाने ओळखत होता, वाकून नमस्कार केला. का काढलं हे त्याला ठाऊक नव्हतं, निदान तसं दाखवलं. एकेक फोटो मशीनमधून बाहेर येत होता. वरचा मजला, नवा जिना, मार्बलचं देवघर. मग ती खोली. भिंतीला नवा चुना, बटाट्यांच्या गोण्या छतापर्यंत, आणि पुढे दार, खालची फट तशीच.

राजरत्नने तो फोटो उचलून दादापुढे धरला.

"दादा, एक विचारू का? ही स्टोअर रूम. हिला एवढ्या जाड गजाचं ग्रिल कशाला केलं असेल? काही भानगड आहे का? मला लिहायला लागेल तसं."

मशीन थांबलं होतं. समोर अमृतच्या शेडमध्ये ठिणग्या उडत होत्या. दादाने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. इतकं सरळ त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी माझ्या मनात म्हटलं, आता सांगेल.

"बिबट्या," दादा म्हणाला. "त्या बाजूला फार आहेत."

"मग किमतीत मजबुतीचं जादा धरू ना?"

"धर," दादा म्हणाला आणि फोटो त्याला परत दिला.